खुर्चीचं सेवापुस्तक

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॅरिसन व्हाइट मे २०२४मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन शहरात वारला. वय ९४. मी रोज दोन मराठी पेपर वाचते. त्यांत मला त्याच्यावर एक ओळही दिसली नाही. तक्रार नाही, कारण अमेरिकेतसुद्धा समाजशास्त्राच्या विभागांबाहेर हे नाव फारसं कुणी घेत नाही. त्याच्या विद्यार्थ्यांच्या कल्पना मात्र सगळीकडे फिरतात. ‘नोकरीची खबर जिवलग मित्राकडून कमी आणि लांबच्या ओळखीच्या माणसाकडून जास्त मिळते’ असं करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत सांगतात. ते मार्क ग्रॅनोव्हेटरचं, आणि ग्रॅनोव्हेटर व्हाइटच्या हाताखाली शिकला. बॅरी वेलमन, पीटर बेअरमन, रोनाल्ड ब्रायगर, नॅन्सी हॉवेल हेही तिथलेच. माणसामाणसांतल्या जाळ्याचं गणित मांडणाऱ्यांची एक अख्खी पिढी या एका माणसाच्या वर्गातून उठली.

मी समाजशास्त्रातली नव्हे. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि नोकरी लागली ती जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात, आस्थापना टेबलावर. तिथं माझ्या संख्याशास्त्राचा उपयोग बिंदुनामावलीतले, म्हणजे आरक्षणाच्या तक्त्यातले, टक्के काढण्यापुरता. बाकी सगळं आयुष्य रिक्त पदांचे तक्ते, पदोन्नतीच्या याद्या, समायोजन, प्रतिनियुक्त्या आणि मे महिन्यातल्या बदल्या यांत गेलं. निवृत्तीनंतर मुलीच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून व्हाइटचं ‘चेन्स ऑफ ऑपर्च्युनिटी’ हाती आलं. नाव वाचून मला वाटलं, यशस्वी कसं व्हावं वगैरे सांगणारं असेल. उघडलं तर आत पाद्र्यांच्या बदल्या! कोणत्या चर्चमधून कोण कुठं गेला, त्याच्या जागी कोण आला, तो जिथून आला तिथं मग कोण गेला. मी एका बैठकीत जमेल तेवढं वाचून काढलं. समीकरणांची पानं सोडावी लागतील असं वाटलं होतं, पण तीच जास्त ओळखीची निघाली.

व्हाइटचा जन्म १९३०चा, वॉशिंग्टनचा. वडील नौदलात डॉक्टर, त्यामुळे बिऱ्हाड कायम या तळावरून त्या तळावर. पोरगा पंधराव्या वर्षी एमआयटीत दाखल झाला. १९५०मध्ये पदवी, १९५५मध्ये सैद्धांतिक भौतिकशास्त्रात डॉक्टरेट. प्रबंध होता तांब्याच्या अणूंमधल्या बलांवर. पण एमआयटीतच कार्ल डॉइच हा राज्यशास्त्रज्ञ शिकवत असे, आणि त्याच्या संगतीत या भौतिकवाल्याला समाजाची चटक लागली. मग त्यानं काय करावं? प्रिन्स्टनला जाऊन समाजशास्त्रात पुन्हा नव्यानं पीएच.डी. केली, ती १९६०मध्ये पुरी झाली. आपल्याकडे एखाद्या घरात असा मुलगा निघता तर ‘आधीची डिग्री काय चुलीत घालायची?’ हा प्रश्न त्याला जेवताना रोज ऐकावा लागला असता. मधल्या काळात तो पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेत होता, जिथं हर्बर्ट सायमन हा, माणसं आणि संस्था निर्णय कसे घेतात याचा अभ्यासक, होता. नंतर शिकागो, आणि १९६३पासून हार्वर्ड.

पण आधीची डिग्री चुलीत गेली नाही. घन पदार्थांच्या भौतिकशास्त्रात एक युक्ती आहे. इलेक्ट्रॉन जिथं असायला हवा तिथं नसला, की शेजारचा सरकून ती जागा घेतो. मग त्याची जागा रिकामी होते, तिथं त्याच्या पलीकडचा येतो. एकेक इलेक्ट्रॉन फक्त एकेक घर सरकलेला असतो, पण पोकळी मात्र पार दुसऱ्या टोकाला गेलेली असते. तेव्हा असंख्य इलेक्ट्रॉनांचा हिशोब कशाला ठेवा? पोकळीलाच कण माना आणि तिचा माग काढा. व्हाइट या शाळेत तयार झालेला होता. त्यानं समाजाकडे पाहिलं ते असं: कोण आहे यापेक्षा कोण नाही, कुठं नाही, हे आधी बघायचं. त्याचं पुष्कळ काम मी नंतर वाचलं, त्यातलं बरंच डोक्यावरून गेलं, पण हा एक धागा मला सगळीकडे दिसतो.

‘चेन्स ऑफ ऑपर्च्युनिटी’ १९७०चं. एपिस्कोपल, मेथडिस्ट आणि प्रेसबिटेरियन या तीन प्रोटेस्टंट पंथांच्या नोंदी त्यानं घेतल्या. चर्चवाल्यांची दप्तरं चोख असतात, म्हणून ते निवडले असावेत. सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाला हे लगेच पटतं. एखादा पाद्री वारला, निवृत्त झाला किंवा पंथ सोडून गेला की एक चर्च मोकळं होतं. तिथं दुसऱ्या, जरा लहान चर्चचा पाद्री येतो. रिकामपण मग त्याच्या जुन्या चर्चकडे जातं. तिथं तिसरा येतो. असं होत होत शेवटी पाद्र्यांच्या विद्यालयातून नुकताच शिकून बाहेर पडलेला तरुण एका जागी बसतो, किंवा ती जागाच मोडीत निघते, आणि साखळी तिथं संपते. माणसं वर चढत गेली, रिक्तता पायऱ्या उतरत खाली आली.

यातलं गणित अवघड नाही. समजा, कोणत्याही टप्प्यावर मोकळी जागा बाहेरच्या माणसानं भरली जाण्याची शक्यता तीनात एक आहे. तर साखळीची सरासरी लांबी तीन. पाचात एक असेल तर पाच. म्हणजे वर एक माणूस निवृत्त झाला की सरासरी तितक्या जणांना, शेवटच्या नवख्यासह, नवी जागा मिळते. आणि वरचं एक पद रद्द केलं की तितक्या जणांची संधी कुणालाही न कळता जाते. पदांचे मोठं, मधलं, लहान असे थर पाडले, आणि कोणत्या थरातली रिक्तता पुढं कोणत्या थरात उतरते याचा तक्ता केला, की मार्कोव्ह साखळी तयार. तक्त्याची मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, उलटी करायची, उत्तर बाहेर. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हे आम्ही रांगा आणि यंत्रांच्या बिघाडांसाठी करत होतो.

खरी हुशारी वेगळीच आहे. मार्कोव्ह साखळीत एक अट असते: पुढचं पाऊल फक्त आत्ता कुठं आहोत यावर ठरावं, आधी कुठून आलो यावर नाही. माणसांच्या बाबतीत ही अट साफ खोटी पडते. माणसाला सेवाज्येष्ठता असते, मुलांच्या शाळा असतात, आजारी सासू असते, साहेबाशी झालेलं जुनं भांडण असतं. शिवाय एक माणूस हलला की दुसऱ्याची वाट मोकळी होते, म्हणजे त्यांच्या हालचाली एकमेकींत गुंतलेल्या. रिक्ततेला मात्र भूतकाळ नसतो. ती कुणाच्या वशिल्यानं आलेली नसते. म्हणून जे गणित माणसांना लावलं तर हास्यास्पद ठरतं, ते रिक्ततेला लावलं तर चक्क जमतं. हे कळल्यावर मी पुस्तक मिटून चहा ठेवायला उठले. तीसेक वर्षं मी चुकीच्या रकान्याकडे बघत होते असं नाही म्हणत. तो रकानाच आमच्या नोंदवहीत नव्हता.

आमच्याकडे प्रत्येक कर्मचाऱ्याचं सेवापुस्तक असतं. त्यात त्याची नेमणूक, वेतनवाढी, रजा, बदल्या, शिक्षा, सगळं. माणूस या पंचायत समितीतून त्या पंचायत समितीत गेला की त्याच्या मागोमाग सेवापुस्तक जातं. खुर्चीचं सेवापुस्तक कुणी ठेवत नाही. एखाद्या वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत दुसरं पद किती वर्षं रिकामं होतं, मध्ये कितीदा भरलं, आलेला किती दिवस टिकला आणि कुठं गेला, हे विचारलं तर उत्तर द्यायला दहा माणसांची सेवापुस्तकं उघडावी लागतील. शासनाला रिक्त पदांचा अहवाल जातो, पण तो एका तारखेचा. तीस जूनला इतकी पदं रिक्त. फोटो आहे, चालतं चित्र नाही.

आमच्या गुरुजींच्या साखळ्या व्हाइटच्या पाद्र्यांहून वेगळ्या, हेही सांगायला हवं. २७ फेब्रुवारी २०१७च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या संगणकावर होऊ लागल्या. आजारपण, अपंगत्व, पती-पत्नी एकत्रीकरण, अवघड क्षेत्रात केलेली सेवा अशा क्रमानं अग्रक्रम. आणि अग्रक्रमाच्या शिक्षकाला फक्त रिक्त पदच नव्हे, तर बदलीपात्र शिक्षक बसलेली शाळाही मागता येई. याला शिक्षकांनी दिलेलं नाव ‘खो’. ‘मला खो बसला’, ‘तिनं कुणाला खो दिला?’ हे २०१८च्या उन्हाळ्यात आमच्या व्हरांड्यात दिवसभर चालू होतं. खो बसलेला माणूस विस्थापित, आणि विस्थापित उरले की त्यांची रवानगी रँडम राउंडमध्ये, म्हणजे संगणक देईल ती शाळा. म्हणजे पाद्र्यांना पोकळी ओढून घेत होती. आमच्यात माणूस माणसाला ढकलत होता. ओढणारी साखळी वरून निघते आणि वाटेतल्या प्रत्येकाला काही ना काही बरं देत जाते. ढकलणारी साखळी एकाला बरं देते आणि बाकीच्यांना उठवत जाते. दोन्हींतल्या बदल्यांची संख्या सारखी असू शकते. बदली झालेल्यांचे चेहरे सारखे नसतात.

दुसरा फरक जास्त गंभीर. व्हाइटची साखळी संपते, कारण खाली नवा पाद्री हजर असतो. आमच्या साखळ्या ज्या टोकाला जाऊन थांबतात तिथं बहुधा कुणीच नसतं. सोयीच्या गावातलं पद भरतं ते मधल्या गावातून, मधलं भरतं ते लांबच्या गावातून, आणि लांबचं भरायला नवी भरती हवी. भरती वर्षानुवर्षं झाली नाही की रिक्तता बाहेर पडत नाही. ती डोंगरावरच्या शाळेत जाऊन मुक्काम करते. एक शिक्षक दर वर्षी बदली आदेश हातात घेऊन यायचे. आदेश असूनही सुटका नाही, कारण पर्यायी शिक्षक हजर झाल्याशिवाय कार्यमुक्त करू नये अशी अट. ते स्वतःविषयी काही विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच: “मॅडम, माझ्या जागी कोण येतंय तेवढं बघा.” व्हाइट न वाचता त्यांना व्हाइट कळलेला होता.

व्हाइटच्या विद्यार्थ्यांपैकी इव्हान चेसनं हीच कल्पना पुढं खेकड्यांना लावली. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारे ते खेकडे कोकणच्या किनाऱ्यावर कुणीही पाहिलेले असतात. खेकडा वाढतो, शंख वाढत नाही. त्याला मोठा शंख हवा. एक मोठा रिकामा शंख पाण्यात ठेवला की एक खेकडा त्यात शिरतो, त्याचा जुना शंख त्याहून लहान खेकडा घेतो, असं खाली खाली. चेसनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात या साखळ्या मोजल्या. ज्या सिद्धांतात पाद्रीही बसतो आणि खेकडाही, त्याच्याबद्दल मला विश्वास वाटतो आणि थोडी धास्तीही.

हार्वर्डला येतानाच व्हाइटचं पहिलं पुस्तक निघालं होतं: ‘ॲन ॲनाटॉमी ऑफ किनशिप’, १९६३. नात्यागोत्याची बीजगणितं. यातली गंमत मराठी माणसाला बाकीच्या जगापेक्षा जास्त कळेल असं मला वाटतं, म्हणून जरा रेंगाळते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात करिएरा नावाचे मूळनिवासी. त्यांच्यात चार गट: बनाका, बुरुंग, करिमेरा, पल्येरी. बनाका पुरुषाची बायको बुरुंगच असली पाहिजे, आणि त्यांची मुलं पल्येरी. पल्येरी पुरुषाची बायको करिमेरा, आणि त्यांची मुलं पुन्हा बनाका. म्हणजे नातू आजोबांच्या गटात परत. (आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तेवढ्यावर भागतं.) ‘नवऱ्यावरून बायको’ हा एक फेरबदल, ‘बापावरून मूल’ हा दुसरा. कोणताही दोनदा केला की मूळपदावर येतो. बीजगणितात ज्याला चार घटकांचा ‘ग्रूप’ म्हणतात, तो हा. करिएरा लोकांनी तो कागदाशिवाय चालवला होता. व्हाइटनं अशा नियमांच्या मॅट्रिक्स मांडल्या. प्रत्येक ओळीत एकच १, बाकी सगळी शून्यं. शून्यं म्हणजे जिथं लग्न होऊ शकत नाही त्या जागा. कुणाशी जमेल हे त्या शून्यांमधून उरतं.

ही वाट व्हाइटच्या आधी आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञानं दाखवली होती. मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉसच्या नातेसंबंधांवरच्या १९४९च्या ग्रंथाला वेलनं गणिताचं परिशिष्ट जोडलं होतं. आणि हा वेल १९३० ते ३२ अलीगढला प्राध्यापक होता. त्याच्याच बोलावण्यावरून १९३१मध्ये गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी तिथं शिकवायला गेले. वेलच्या चिथावणीनं कोसंबींनी बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला देणारा एक शोधनिबंध छापला. पुढं फ्रेंच गणितज्ञांच्या एका टोळीनं तेच टोपणनाव घेऊन अख्खं गणित नव्यानं लिहायला घेतलं. कोसंबी नंतर पुण्याला फर्ग्युसनमध्ये आले, आणि आहत, म्हणजे ठसे उमटवलेली प्राचीन, नाणी तराजूत तोलून, वजनातल्या झिजेवरून ती किती फिरली याचा अंदाज बांधू लागले. वेल नात्यांकडे वळला, कोसंबी नाण्यांकडे. व्हाइट त्यांच्यानंतरचा, पण जात तीच: गणित शिकलेला आणि माणसांपाशी येऊन अडकलेला.

आणि व्हाइटच्या पुस्तकाआधी दहा वर्षं, १९५३मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून इरावती कर्व्यांचं ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ आलेलं होतं. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते इष्ट, आणि महाराष्ट्र मधोमध. आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. मुलीच्या बाजूनं पाहिलं तर आत्या ज्या घरी गेली त्या घरी भाची सून म्हणून जाऊ शकते. उलट दिशेनं परत कुणी येत नाही. बाईंनी हे गावोगाव हिंडून गोळा केलं. व्हाइटच्या वर्गीकरणात ही एका बाजूच्या मामे-आते लग्नाची रचना आहे: मुली एकाच दिशेनं वाहतात, अ घराकडून ब कडे, ब कडून क कडे, आणि शेवटी एकतर वर्तुळ पुरं व्हावं लागतं किंवा घराण्यांत वर-खाली पायऱ्या पडतात. बाईंकडे माणसं आहेत, व्हाइटकडे मॅट्रिक्स आहेत. मला विचाराल तर बाईंचं पुस्तक आधी वाचावं. मॅट्रिक्समध्ये सासुरवास दिसत नाही.

हार्वर्डमध्ये व्हाइट पदवीच्या मुलांना ‘सोशल रिलेशन्स १०’ नावाचा विषय शिकवत असे. १९६५च्या वर्गाची टिपणं चक्रमुद्रित होऊन वर्षानुवर्षं हातोहात फिरली. ती रीतसर छापली गेली २००८मध्ये. त्यात त्यानं ‘कॅटनेट’ असा एक जोडशब्द केला: माणसं एका प्रकारची असणं आणि माणसं एकमेकांशी जोडलेली असणं, या दोन वेगळ्या गोष्टी, दोन्ही एकत्र आल्या तरच गट उभा राहतो. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिलीनं ही कल्पना उचलून चळवळींच्या अभ्यासात वापरली. आमच्या शिक्षक संघटना मला लगेच आठवल्या. ‘खो बसलेले’ हा काही गट नव्हता, नुसता प्रकार होता; विस्थापितांचे व्हॉट्सॲप ग्रुप झाले तेव्हा तो गट झाला आणि मोर्चा निघाला.

व्हाइटला शिकवणं जमत होतं का, यावर दुमत आहे. त्याच्या वाक्यांचा पत्ता लागत नसे म्हणतात. पण त्या धुक्यातून निघालेले प्रबंध बघा. नॅन्सी हॉवेलनं गर्भपात बेकायदा असताना अमेरिकी बायका डॉक्टरपर्यंत कशा पोचतात याचा माग काढला: मैत्रिणीची मैत्रीण, तिच्या ओळखीचं कुणी, तिथून एक फोन नंबर. जाहिरात नाही, पाटी नाही, तरी वाट सापडते, ती वाट कशी असते? १९६९मध्ये ते पुस्तक आलं. ग्रॅनोव्हेटरनं बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरातल्या २८२ नोकरदारांना विचारलं, नोकरी कशी लागली? सुमारे ५६ टक्के म्हणाले, ओळखीतून. आणि ओळखीतून लागलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांचं त्या खबर देणाऱ्याशी वरचेवर भेटणं होतं. बाकीच्यांच्या भेटी अधूनमधून किंवा क्वचित.

त्याचं स्पष्टीकरणही पोकळीवरच उभं आहे. माझ्या दोन जिवलग मैत्रिणी एकमेकींना अजिबात ओळखत नाहीत, असं सहसा होत नाही. त्रिकोणाची तिसरी बाजू आपोआप भरते. म्हणून जिवलगांच्या कोंडाळ्यात सगळ्यांना तेच ठाऊक असतं. दोन कोंडाळ्यांमधल्या मोकळ्या जागेवरून जो पूल जातो तो कच्च्या ओळखीचाच असतो. ग्रॅनोव्हेटरनं हे मांडलं तो लेख १९६९मध्ये एका मोठ्या नियतकालिकानं परत पाठवला होता. तो दुसरीकडे छापून आला १९७३मध्ये, आणि आज समाजशास्त्रात त्याच्याइतके उल्लेख मिळालेले लेख फार थोडे आहेत. आपल्याकडे याचा अर्थ ‘वशिला लागतो’ असा लावतात, ते काही खरं नाही. न्यूटनमधला ओळखीचा माणूस बहुतेक वेळा जागा मोकळी आहे एवढं सांगतो. वशिला जागा मोकळी करायला लावतो. आस्थापना टेबलावर बसून हा फरक मी जितका जवळून पाहिला तितका ग्रॅनोव्हेटरनं पाहिला नसेल.

१९७६मध्ये स्कॉट बूर्मन आणि ब्रायगर यांच्याबरोबर व्हाइटनं ‘ब्लॉकमॉडेल’चा लेख लिहिला. न्यू इंग्लंडमधल्या एका मठात सॅम्युअल सॅम्पसन नावाचा संशोधक राहिला होता. दीक्षेच्या वाटेवर असलेल्या १८ जणांना त्यानं विचारलं होतं, कोण आवडतो, कोण नावडतो, कुणाचा मान राखता, कुणाला दोष देता. या उत्तरांचे तक्ते घ्यायचे, ओळी आणि रकाने पुनःपुन्हा वरखाली करायचे, आणि शून्यं एकत्र गोळा होतात का ते बघायचं. व्हाइटचा सगळा भर शून्यांच्या चौकोनांवर. दोन माणसं मित्र आहेत म्हणून एका गटात नव्हेत. दोघांची नाती त्याच त्याच लोकांशी आहेत, आणि त्याच त्याच लोकांशी नाहीत, म्हणून एका जागेवरची. त्यांनी एकमेकांना पाहिलेलंही नसेल. दोन टोकांच्या तालुक्यांतले दोन कनिष्ठ सहायक असेच: एकाच साहेबाच्या शिव्या खातात, एकाच कोषागारात खेटे घालतात, दोघांनाही कुणी लग्नाला बोलवत नाही. मठातली मुलं तीन तुकड्यांत पडली: तरुण तुर्क, निष्ठावंत विरोधक आणि वाळीत टाकलेले. मठ पुढं खरोखर फुटला. चौघांना काढलं, पाठोपाठ बाकीचे बरेच निघून गेले. हे सगळं विश्लेषण मठ फुटल्यानंतरचं होतं, हे विसरायला नको. निकाल ठाऊक असताना उत्तरपत्रिका तपासणं सोपं असतं. तरी एकही माणूस, एकही भांडण न वाचता, नुसत्या शून्य-एकांतून तडे दिसतात, ही गोष्ट लहान नाही.

बाकीच्या कामांवरून मी भराभर जाते. पत्नी सिंथियाबरोबर त्यानं १९६५मध्ये फ्रेंच चित्रकारांवर लिहिलं: सलों या सरकारी प्रदर्शनात चित्रं मावत होती पण इतक्या चित्रकारांची आयुष्यं मावत नव्हती, म्हणून दलाल आणि समीक्षकांची नवी व्यवस्था उभी राहिली आणि इम्प्रेशनिस्टांना जागा मिळाली. छोटंसं पुस्तक, त्याच्या लिखाणात सगळ्यांत वाचनीय. १९८१मध्ये बाजारावर: दुकानदार गिऱ्हाइकाकडे नव्हे, शेजारच्या दुकानदाराकडे बघून भाव ठरवतो. १९८६मध्ये हार्वर्ड सोडून ॲरिझोना, मग १९८८पासून कोलंबिया. तिथं डंकन वॉट्ससारखी नवी, संगणकाची पिढी त्याच्या शेजारी येऊन बसली.

‘आयडेंटिटी अँड कंट्रोल’ हे त्याचं १९९२चं मोठं पुस्तक. २००८मध्ये त्यानं ते जवळजवळ नव्यानं लिहिलं. मी दोनदा हातात घेतलं, दोनदा ठेवलं. गणितानं सुरुवात केलेला माणूस इथं गोष्टींकडे आला आहे: नातं म्हणजे दोघांबद्दल सांगितल्या जाणाऱ्या कहाण्या, माणसाची ओळख म्हणजे या गोंधळात पाय रोवायची धडपड, असं काहीसं. भक्त म्हणतात, हाच खरा व्हाइट. असेल. मला १९७०चा पाद्र्यांच्या बदल्या मोजणारा पुरतो. त्याला काय म्हणायचंय ते तपासून बघता येतं, आणि तपासायचं तर हातात निदान एक जाड फाइल हवी.

ती मी जमवायला घेतली आहे. ऑनलाइनच्या आधीचे बदली आदेश, कार्बन प्रती, यादीत शेरा ‘रिक्त पदी’ किंवा ‘श्री. अमुक यांचे जागी’. एका तालुक्यापुरतं काम चालू आहे. रकाने असे: शाळा, पद मोकळं झाल्याची तारीख, कारण, कोणत्या शाळेतून भरलं, हजर झाल्याची तारीख. ‘यांचे जागी’ असेल तिथं साखळी लगेच जुळते. ‘रिक्त पदी’ असेल तिथं ते रिक्त कधी आणि कशानं झालं हे आदल्या साली शोधावं लागतं, आणि आदलं साल बहुतेकदा उंदरांनी किंवा ऑडिटनं नेलेलं असतं. काही साखळ्या दोन-तीन कड्यांच्या निघतात. काही एका विशिष्ट शाळेपाशी येऊन पुनःपुन्हा थांबतात, आणि ती शाळा कोणती हे त्या तालुक्यातल्या कुणालाही न बघता सांगता येईल. तरी तारखांसकट मांडलेलं बघायचं आहे. कुणाकडे नव्वदच्या दशकातले आदेश असतील, सायक्लोस्टाइलचे, अर्धवट पुसलेले का असेनात, तर मला झेरॉक्स हवी आहे. नावांवर खुशाल काळं फासा, मला शाळाच लागतात.